हरकतदार

भाविकला मुलगी झाली आणि तिचं नाव उन्नती ठेवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोर सव्वा महिन्याची झाली तशी तिच्या आजीने, कमळाने, नवसाप्रमाणे तिला देवीच्या पायावर घालायचा धोशा लावला, म्हणून सगळं घर वज्रेश्वरीला गेलं. दोन दिवस तिथे राहिलं. भाविकचा बाप महादू तरे कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला, नातीला छातीशी धरून देवळाच्या पायऱ्या चढला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून नारपोलीतल्या आपल्या गल्लीत शिरला. शिरताना त्याला वाटलं, गल्लीत काहीतरी कमी झालं आहे. काय ते कळेना. दोन्ही बाजूंच्या शेडमधून माग चालू होते, त्यांची खटखट पायाखालच्या लादीत होती तशीच होती. चहावाल्याची टपरी उघडी होती. माणसं येत-जात होती. पण त्याला बघून टपरीवरची बोलणारी माणसं थांबली, आणि तो पुढे गेल्यावरही पुन्हा बोलायला लागली नाहीत.

शेडच्या दारातून सिराज बाहेर आला. सिराजचा बाप याच शेडमध्ये माग चालवायचा, आता सिराज चालवतो. शेड उभी आहे ती जागा एके काळी तऱ्यांचं भाताचं खाचर होती. रात्रपाळी करून निघालेला माणूस पांढरा असतो; सुताची लव केसांवर, कानांवर, पापण्यांवर बसलेली असते. महादूने हे पांढरेपण आयुष्यभर पाहिलं होतं. त्या सकाळी मात्र त्याची नजर त्या पांढऱ्या पापण्यांवर अडकली.

"सलाम, काका."

"सलाम. सुटली काय रं ड्युटी?"

सिराज हसला नाही. त्याने खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. "अम्मीला नोटीस आलीय. वाचा. तुम्हाला येतं ना वाचायला."

महादूला वाचायला येत होतं, पण बोट लागायचं. अक्षराखालून बोट सरकवत तो वाचू लागला. माजिदा बुबेरे, वय एकाहत्तर. मतदार यादीतून नाव वगळण्याबाबत हरकत. कारण, मयत. हरकत घेणाऱ्याचं नाव... इथे बोट थांबलं. मागून कोणीतरी हाक मारावी आणि वळून पाहिलं तर रस्ता रिकामा असावा, तसं त्याने स्वतःचं नाव वाचलं.

"एकेचाळीस नोटिसा आल्यात गल्लीत," सिराज म्हणाला. "कोणी मयत, कोणी गाव सोडून गेलेला. सगळ्यांवर तुमचं नाव. बुधवारी शाळेत सुनावणी आहे. मैं बोला, काका ऐसा नहीं करेंगे. लोग बोले, नाम तो उन्हीं का है."

"मी दोन दिस हितं न्हवतोच."

"तेच बोललो मी." सिराजने कागद परत घडी केला. मग जाता जाता म्हणाला, "अम्मी बोलली, म्हाद्याला सांग, जेवायला ये. माझ्या मयतीच्या चाळिसाव्याचं जेवण मीच शिजवते."

महादू पस्तीस वर्षं पक्षाचा माणूस होता. यादीच्या या भागासाठी पक्षाने नेमलेला माणूसही तोच. निवडणूक कार्यालयात त्याचं नाव नोंदलेलं होतं, आणि एखादं नाव यादीतून काढा असं सांगणारा सात नंबरचा फॉर्म पक्षाकडून जायचा तो त्याच्या सहीने जायचा. त्यात वावगं काही नव्हतं. मेलेल्यांची नावं काढायलाच लागतात. पण गेली कित्येक वर्षं पक्षाच्या ऑफिसात रीत अशी पडली होती की महादूने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायच्या आणि मजकूर पोरांनी भरायचा. त्याला लिहायला वेळ लागायचा. सही तेवढी तो झटकन करायचा, आणि ती करताना त्याला दरवेळी आतून बरं वाटायचं.

कारण ही सही त्याला पक्षाने दिली होती. चाळिशी उलटेपर्यंत तो अंगठा उठवायचा. आता वॉर्डाचा अध्यक्ष असलेल्या मनोजचा बाप मोरू पाटील तेव्हा त्या खुर्चीत होता. शाळेत प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग लागले तेव्हा मोरूने त्याला मानगुटीला धरून नेलं होतं. "म्हाद्या, अंगठा तुझा असला तरी तो धरणारा दुसराच असतो," मोरू म्हणाला होता. "सही शीक. तुझ्याबगार कोण करू शकनार न्हाय." वर्गात बाई आधी अक्षरं काढायला सांगायच्या आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ मारायला. महादूचा हात तसा चालेना. खाडीकाठच्या माणसाला आधी दोरी ताणायची आणि मग तिच्यावर बोंबील सुकत घालायचे एवढंच ठाऊक. तो आधी लांबलचक रेघ ओढायचा आणि तिच्याखाली एकेक अक्षर लटकवायचा. अक्षरं संपायची, रेघ उरायची. बाई रागावल्या, हसल्या, शेवटी त्यांनी सोडून दिलं. पंचवीस वर्षं झाली, त्याची सही अशीच होती. दोरी पुढे मोकळी लोंबत राहायची.

माजिदाच्या घरी तो दुपारी गेला. ती ओट्यापाशी उभी राहून तांदूळ धूत होती. लहानपणी दोघं एकाच बांधावर खेकडे धरायचे. ती त्याला अजून म्हाद्या म्हणायची आणि तो तिला माजे. ती कोकणी मुसलमानांचं मराठी बोलायची.

"आलास? मेलेल्या बाईच्या हातची चाय चालंल ना?"

"माजे, मस्करी नको."

"मस्करी तू केलीस. मय्यत आमच्यात घरातून निघते रे, कागदातून न्हाय." ती हसली, आणि हसता हसता खोकली. "बस. साखर किती, दोनच ना?"

त्याने कप घेतला तेव्हा तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. थंडगार होती. तांदळाच्या पाण्यातली बोटं थंडच असणार, हे त्याला कळत होतं. तरी तो तिच्याकडे बघत राहिला. तिचा पदर, गळ्यावरची सैल कातडी, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिच्यामागे भिंतीवर पडलेली सावली. सावली आहे, असं त्याने मनाशी नोंदलं आणि नोंदल्याबरोबर त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपण हे का तपासतो आहोत? चहाला चव नव्हती. तेवढ्यात वीज गेली. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले. नारपोलीच्या माणसाला खटखटीत झोप लागते, खटखट थांबली की जाग येते. ती थांबली की कानात नुसतं पोकळ होतं. त्या पोकळीत तो माजिदाचा श्वास ऐकायला लागला. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. काही ऐकू येईना. एक, दोन, तीन... त्याने कप खाली ठेवला. तिच्या खांद्याला हात लावावा की नको हे त्याला ठरवता येईना, कारण हात लावल्यावर काय हाताला लागेल याची त्याला खात्री उरली नव्हती.

"गेली मेली लाईट," माजिदा म्हणाली.

तो तसाच उठला आणि पक्षाच्या ऑफिसात गेला.

मनोज पाटील फोनवर बोलत होता. बापाच्या खुर्चीत बसला होता, बापासारखाच एक पाय मुडपून. बाजूला ऑफिसातला पोरगा देवेश कॉम्प्युटरवर याद्या काढत होता. भिंतीवर मोरूचा हार घातलेला फोटो होता. महादूने बाकावर बसून वाट पाहिली. फोन संपला.

"काका! कशी झाली यात्रा? नात कोणासारखी दिसते?"

"मनोज, ते फॉर्म दाखव."

"कुठले?" मग तो हसला. "अच्छा, ते. अहो, तारीख संपत होती, तुम्ही वज्रेश्वरीला. तुमचा फोन लागेना. देवेशने मारल्या सह्या. काका काय नाही म्हणणार आहेत?"

देवेशने मोबाईलवर काढलेले दोन-चार फॉर्मचे फोटो दाखवले. महादूने बोटाने सही मोठी करून पाहिली. गोल, नेटकी अक्षरं होती. डोक्यावरची रेघ शेवटी मारलेली, बरोबर मापात, जिथे नाव संपतं तिथेच संपणारी. आपलं नाव इतकं सुंदर त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"माजिदा जिवंत हाय," तो म्हणाला. "आत्ता चाय प्यालो तिच्याकरं."

"असेल ना. सुनावणीला येईल, सांगेल मी जिवंत आहे, संपलं. अर्धे लोक येणारच नाहीत. शिफ्ट सोडून कोण येतो? तेवढी मतं कमी." मनोजचा आवाज गोड होता. "ती सगळी पलीकडची होती काका. आपली कधी नव्हती."

होती. महादूच्या कानाला तो शब्द लागला. देवेशही तसंच बोलत होता, हे बाराव्या घरात होते, हे कोपऱ्यावर राहायचे. राहायचे. कोणी मुद्दाम बोलत नव्हतं, तोंडातून तसंच येत होतं. आणि महादूला वाटलं, इथे बसून हे असं बोलत राहिले तर तिकडे गल्लीत माणसं एकेक करून खरोखर विरळ होत जातील.

"बुधवारी साहेब विचारतील, सही तुमची का," मनोज म्हणाला. "हो म्हणायचं. बाकी काही नाही. चुकून झालं म्हणायचं, ऐकीव माहिती होती म्हणायचं. नाही म्हणालात तर देवेश आत जाईल, मी जाईन, पक्षाची अब्रू जाईल. आणि या निवडणुकीला भाविकचं वॉर्डाचं तिकीट जवळजवळ झालंय. वरून फोन होता आत्ता, तोच." त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "बाबा असते तर त्यांनी तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं."

हे खरं होतं. बाहेर पडल्यावर महादूला त्याच वाक्याने गाठलं. मोरूने विचारलं नसतं, आणि आपण हो म्हटलं असतं. वज्रेश्वरीला गेलो नसतो तर? देवेशने एकेचाळीस कोरे कागद पुढे सरकवले असते आणि आपण एकेचाळीस वेळा दोरी ताणली असती, हसत, चहा पीत. मग ही माणसं आपल्या हाताने मेली असती. आता ती दुसऱ्याच्या हाताने मेली आहेत एवढाच काय तो फरक, आणि तो फरकही आपल्या चांगुलपणामुळे पडलेला नाही, पोरीच्या नवसामुळे पडलेला आहे. कुठून हे डोक्यात आलं ते आलं, पण मग जाईना.

बुधवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्याला गल्लीत फिरवेना. नोटिसा आलेली माणसं दिसायची. कांदे निवडणारी अफीफा दिसायची, यंदा पहिल्यांदाच यादीत नाव आलेली पोरगी; नोटिशीप्रमाणे ती गाव सोडून गेली होती. राहनाळच्या गोदामात हमाली करणारा सुफियान सायकल ढकलत यायचा. तो मयत होता. "कैसे हो, काका?" तो विचारायचा, आणि महादूच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मेलेल्या माणसाला बरा आहे असं काय सांगायचं? तो सायकलच्या चाकांकडे बघायचा. चाकं फिरत होती, खालच्या ओल्या मातीत चाकोरी उठत होती. बरं, असं मनात म्हणून तो पुढे जायचा. एकदा दाढी करताना आरशात त्याला आपला उजवा हात परका वाटला. आपण थांबवल्यावर थोडा उशिरा थांबला, असं वाटलं.

घरात मंगळवारी भाविकने विषय काढला. तो मांडीवर उन्नतीला झोपवत होता.

"बाबा, हो म्हणा ना. एक शब्द. पस्तीस वर्षं तुम्ही सतरंज्या उचलल्या, कोणी काय दिलं? आता मिळतंय."

"आन् ती मान्सं?"

"त्यांची नावं परत लागतील. कोणी खरंच मरतंय का?"

कमळा भाकरी थापत होती. तिने मान वळवली नाही. "सही यांनी केलीच न्हाय तर हो कशाला म्हनायचा? सरल सांगायचा, माझी न्हाय. घरी यायचा. जेवायचा."

"आई, तुला पक्ष कळत नाही."

"मना मान्सा कलतान," कमळा म्हणाली आणि तव्यावर भाकरी टाकली.

कमळाचं म्हणणं सोपं होतं आणि महादूने तेच धरलं. माझी न्हाय. दोन शब्द. तो रात्री चांगला झोपला.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती, जिथे तो अक्षरं शिकला होता ती खोली शेजारीच. बाकं भिंतीला लावली होती. एकेचाळिसांपैकी सव्वीस जण आले होते. पांढऱ्या लवेसकट आलेले, शिफ्टमधून तसेच उठून, रांगेने भिंतीला टेकून उभे होते.  महादू दारातून आत आला तेव्हा त्या सगळ्या पांढऱ्या पापण्या एकदम उचलल्या गेल्या आणि त्याला क्षणभर वाटलं, आपल्यालाच बोलावून आणलं आहे, हे आधीच पोहोचलेले आहेत. मागे खुर्चीवर मनोज बसला होता. भाविक त्याच्या शेजारी. माजिदा पुढच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

अधिकारी बाई तरुण होत्या. घरोघर फिरून याद्या तपासणाऱ्या, पूर्वी नावाच्या टीचर त्यांच्या बाजूला नावं वाचायला बसल्या होत्या. बाईंनी गठ्ठा महादूपुढे ठेवला.

"महादू तरे आपणच? हे फॉर्म आपण दिलेत? प्रत्येकावर खाली लिहिलंय, ही माहिती खरी आहे. खोटी असेल तर तो गुन्हा आहे. एकेक बघा आणि सांगा, सही तुमची आहे का."

"माझी न्हाय," महादू म्हणाला. पहिला फॉर्म. मागे खुर्ची करकरली. "माझी न्हाय." दुसरा. भिंतीपाशी कोणीतरी श्वास सोडला. "माझी न्हाय." त्याला हलकं वाटू लागलं. सुंदर, गोल, मापातली नावं एकेक करून त्याच्या पुढून जात होती आणि प्रत्येकासरशी भिंतीजवळचं एक माणूस मांसाचं होत होतं, खोकत होतं, पाय बदलत होतं. दहा, वीस, तीस.

पस्तिसाव्या फॉर्मवर रेघ लांब होती.

त्याने कागद जवळ घेतला. महादू तरे. अक्षरं वेडीवाकडी, दोरीला लटकलेली, आणि शेवटच्या अक्षरापुढे बोटभर मोकळी रेघ.  ही त्याचीच होती. मागच्या पावसाळ्यात कधीतरी कोऱ्या फॉर्मवर करून दिलेली, खणात पडून राहिलेली. देवेशने आधी त्या वापरल्या, त्या संपल्यावर स्वतः केल्या. वरचा मजकूर देवेशच्या गोल अक्षरात होता. माजिदा बुबेरे. मयत.

"सांगा, काका," पूर्वी टीचर म्हणाल्या.

कोणाला कळणार नव्हतं. चौतीस खोट्या सह्यांत एक आणखी. तोंडात दोन शब्द तयार होते, जिभेवर बसलेले, आपोआप बाहेर येऊ पाहणारे. त्याने मान वर केली. माजिदा त्याच्याकडेच बघत होती, विश्वासाने, आणि तो विश्वास त्याला सहन होईना. शाळेत वीज होती, बाहेर माग चालू होते, तरी त्याच्या कानात ती दुपारची पोकळी आली. तिच्यात त्याला आपल्या हाताचा आवाज ऐकू आला, कागदावर रेघ ओढणाऱ्या पेनाचा. म्हणजे तो वज्रेश्वरीला होता तेव्हाही त्याचा हात इथे होता. खणात. वाट बघत.

"ही माझी हाय," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "तुमची?"

"सही माझी. वरचा लिवलेला माझा न्हाय. मी कोरा देलता."

"कोऱ्या फॉर्मवर सही केलीत?"

"व्हय. असाच देत आलो. बरीच वर्सं. आधीचेही काढून बघा, मॅडम. ज्याच्यावर रेघ अशी पुढं गेलीय ते माझे. त्यांच्यातला कोण जिता हाय, कोण मेला, मना ठाव न्हाय. मी वाचलाच न्हवता."

"काका, गप बसा," मनोज मागून म्हणाला. ओरडला नाही, हळूच म्हणाला. "तुम्ही स्वतःला अडकवताय."

"तुमच्यावरही कारवाई होऊ शकते," बाई म्हणाल्या. "हे लिहून द्याल?"

"देतो. टाईम लागंल."

लागला. पाऊण तास तो लिहीत होता. आणखी दोन फॉर्म त्याचे निघाले. त्याने तिन्हींचे नंबर लिहिले, आधीच्या वर्षांचं लिहिलं, कोण सांगायचं आणि कोण भरायचं ते लिहिलं. मनोजचं नाव लिहिताना त्याचा हात अडखळला, कारण त्याला मोरूच्या पोराचं नाव कधी लिहावं लागलं नव्हतं आणि 'ज'चं वळण त्याला नीट जमायचं नाही. वाक्य संपेना तेव्हा मधे मधे तो डोळे मिटून बसायचा. शेवटी त्याने सही केली. माजिदा उठून त्याच्यापाशी आली.

"मनाच मारलास ना, म्हाद्या," ती म्हणाली.

"व्हय, माजे."

 ती पिशवी काखेला मारून निघून गेली. माफ केलं असं ती बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही.

एकेचाळीसही नावं यादीत राहिली. देवेशवर आणि मनोजवर गुन्हा नोंदला गेला, महादूवरही. तो दर महिन्याला पोलीस चौकीत जाऊन बसू लागला. पक्षाने त्याला काढल्याचं पत्र आलं, ते त्याने बोट लावून पुरतं वाचलं. भाविकचं तिकीट दुसऱ्याला गेलं. भाविक उन्नतीला आजोबाच्या मांडीवर देताना त्याच्याकडे न बघता द्यायचा, पण द्यायचा. पक्षाची माणसं रस्त्यात समोरून यायची आणि त्यांची नजर महादूच्या अंगातून आरपार मागच्या भिंतीवर जायची. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. गणपतीच्या मंडळाच्या जुन्या फोटोत, चहाच्या टपरीवर लावलेल्या, तो मोरूच्या उजव्या हाताला उभा होता. टपरीवर चहा पीत तो त्या फोटोकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, तो तिथला माणूस वारला. त्याला दुःख व्हायचं. घरचं कोणी गेल्यावर होतं तसंच. पण गल्लीतून परत जाताना सुफियान सायकलवरून विचारायचा, "कैसे हो, काका?" आणि महादू म्हणायचा, "हाय बाबा. हाय." एवढं बोलताना त्याला आपल्याच छातीत आवाज घुमलेला कळायचा.

वॉर्डाचं मतदान वीस एप्रिलला झालं. माजिदा बुबेरे त्याआधी अकरा दिवस, नऊ एप्रिलला सकाळी साडेदहाच्या सुमारास, नारपोलीत स्वतःच्या घरी, यादीत नाव असताना, वारली.